तिसऱ्या घरची चौकशी

पोलंडमध्ये दुधाचं दुकान सकाळी किती वाजता उघडतं, हे मला आजवर एकाच माणसानं विचारलं. बाकीचे पगार विचारतात, थंडी विचारतात, 'तिकडं आपली माणसं हायत का' एवढं विचारून आपापल्या कामाला लागतात. हमीदामावशीनं दूध विचारलं. मी म्हणालो, सहाला. तर फोनवर म्हणाली, "आन् उघडणारं माणूस रोजचं एकच असतंय का बदलतंय?" मला सांगता येईना. चार महिने त्याच दुकानातून दूध आणत होतो, पण देणाऱ्याकडं कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बघितलं. बाई होती, रोजची एकच, आणि डाव्या करंगळीला नख नव्हतं. हे कळवल्यावर मावशी खूश झाली. "आता तू तितं ऱ्हायला लागलास," म्हणाली.

मावशी या हिवाळ्यात गेली. मला लगेच येता आलं नाही. इथं बसून तिच्याविषयी लिहायला घेतलंय, पण मी नववीतून शाळा सोडलेला माणूस, तेव्हा सालवार काही जमणार नाही. आठवेल तसं लिहितो.

लासुर्ण्याच्या स्टँडसमोर तिचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, तीन काचेची कपाटं आणि बसायला गोणपाट. समोर रस्त्यापलीकडं आमचं वर्कशॉप. तिथं उसाच्या ट्रॉल्या बनायच्या आणि मी वेल्डिंग करायचो. तोंडावरची काच वर केली की पहिल्यांदा दिसायची ती मावशी, कुणाचा तरी हात हातात घेऊन बसलेली. मण्यारांचं घर ते, तीन पिढ्या हाच धंदा. सासरा डोक्यावर पेटी घेऊन वाड्यावस्त्या फिरायचा. मावशी भवानीनगरचा आणि शेळगावचा बाजार करायची आणि उरलेले दिवस दुकानात.

बांगड्या भरण्याची तिची एक पद्धत होती. आधी बाईचा हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचा गादीसारखा भाग दाबून बघायची आणि म्हणायची, "पाण्यात सोडल्यागत सोड हात." मग बांगडी चार बोटांवरून सरकवत आणायची आणि बरोबर मोठ्या हाडापाशी आली की विचारायची, "सासू बरी हाय का?" किंवा "नवरा लागला का कामाला?" बाईच्या तोंडातून काही येवो, उत्तर हातातून यायचं. हात सैल असला तर बांगडी सर्रकन आत. हात आवळला तर अडकली. अडकली की मावशी एक शब्द बोलायची नाही, मुकाट्यानं मोठ्या मापाची बांगडी काढायची. मी एकदा विचारलं, "मावशी, तुला समद्यांच्या घरातलं ठाऊक. कुणाला सांगत न्हाईस?" ती म्हणाली, "हातानं सांगितल्यालं तोंडानं सांगू न्हाय."

पण चौकशी करायची वेळ आली की ती सांगायची. आमच्याकडं मुलगी द्यायची तर आधी स्थळाची चौकशी करतात. आणि बांगड्या भरायला आलेली बाई कुणाच्याही घरात थेट स्वयंपाकघरापर्यंत जाते. त्यामुळे आसपासच्या गावांतले लोक मुलीची गोष्ट निघाली की हळूच मावशीच्या गोणपाटावर येऊन बसायचे. त्यात हिंदू, मुसलमान असं काही नव्हतं.

शेळगावचे एक तात्या होते, ऊसवाले, मोठ्या आवाजाचे. त्यांच्या मुलीला इंदापूरकडचं स्थळ आलं होतं. बंगला, नोकरी, सगळं. मावशी पेटी घेऊन गेली, पण त्या घरी गेली नाही. शेजारीही गेली नाही. तिसऱ्या घरी गेली. तिचं म्हणणं असं, की पहिलं घर त्यांचं स्वतःचं, ते गोड बोलणार. दुसरं घर शेजाऱ्याचं, बांधावरून वाजलेलं असलं तर कडू बोलणार. तिसऱ्या घराला गोडाचंही काम नाही आणि कडूचंही नाही.

तिसऱ्या घरच्या बाईनं गाई सांगितल्या, विहीर सांगितली, पोराचा स्वभाव सांगितला. मग मावशीनं विचारलं, "थोरली सून माहेराला कवा जाऊन आली?" बाई गप्प झाली. पदर सारखा केला आणि चहा टाकायला उठली. मावशी परत आली आणि तात्यांना म्हणाली, "नगं."

"अगं पण ती बोलली काय?" तात्या आमच्या वर्कशॉपपर्यंत ऐकू येईल असे ओरडले.

"काय बी न्हाय. म्हणून तर नगं."

हा तिचा नियम होता. चौकशीत माणूस गप्प बसला की तो नकार. दुसरा नियम, चौकशी एकदाच करायची. दुसऱ्यांदा विचारलं की शिकवलेलं उत्तर येतं. तात्यांनी कुरकुर करत ते स्थळ सोडलं, मुलगी दुसरीकडं दिली, ती सुखात आहे. मावशीचं नाव आणखी वाढलं.

पुढं काही वर्षांनी हेच तात्या पुन्हा आले. या वेळी हातात गुळगुळीत कागदाची पुस्तकं होती. धाकट्या मुलाला शिकायला परदेशी जायचं होतं. बारामतीत असे सल्ला देणारे बसतात, भिंतीवर झेंडे लावून. तिथून ते मुलाला घेऊन थेट मावशीकडं आले होते.

"ह्यो म्हणतोय आयर्लंड," तात्या म्हणाले. "त्यो बारामतीचा म्हणतोय कॅनडा. आमाला यातलं काय कळतंय, हमीदा?"

मावशीनं पुस्तकं चाळली. हिरवळीवर बसून हसणारी पोरं होती. "तात्या, ह्ये पहिलं घर झालं," ती म्हणाली. "ह्ये गोडच बोलणार. तिसरं घर कुठाय?"

मग तिनं तिसरं घर शोधून काढलं. भवानीनगरची एक सुनीता सिस्टर, आयर्लंडमध्ये नर्स. तिच्या आईच्या हातात वीस वर्षं बांगड्या मावशीनंच भरलेल्या. नंबर मिळाला. फोन स्पीकरवर, तात्या आणि त्यांचा मुलगा गोणपाटावर, आणि मी काच वर करून रस्त्यापलीकडून कान लावलेला. मला वाटलं आता विद्यापीठाचं विचारेल. मावशीनं विचारलं, "बाई, धुतल्यालं कापडं वाळायला किती दिस लागतात?" मग, "बसमदी चढल्यावर डायवरला कोण काय म्हणतं का?" मग, "तुज्या खोलीची किल्ली इसरली तर कुणाकडं जातीस?" सिस्टर हसत होती आणि पटापट सांगत होती. शेवटी मावशी म्हणाली, "येक फोटू धाड. तुजा नगं. दोरीवर कापडं वाळत घातल्यात त्यो धाड."

फोटो आला. मावशीनं तो बराच वेळ बघितला. शेजारच्या दोरीवर लहान पोरांचे कपडे होते, म्हातारीचा झगा होता. "वस्ती हाय," ती म्हणाली. "नुस्ती हाटेलं न्हाईत. जाऊ द्या पोराला."

तात्यांचा मुलगा आयर्लंडला गेला. तेव्हापासून परदेशाचा विचार निघाला की लोक बारामतीहून कागद आणायचे आणि लासुर्ण्यात येऊन देश ठरवायचे. मावशीला कुठला देश नकाशात कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. पण कुठल्या देशात कपडे किती दिवसांत वाळतात, ते ती सांगू शकायची.

माझं मात्र वेगळं झालं. मी शिकायला नाही, कामाला चाललो होतो. इकडं ट्रेलरच्या कारखान्यात वेल्डर हवे होते, आणि ट्रॉली काय आणि ट्रेलर काय, जोड तोच. पण आई ऐकेना. मला स्वतःलाच रात्रंदिवस धास्ती. इंग्रजी येत नाही, पोलंड कुठं ते माहीत नाही. मी मावशीकडं गेलो आणि म्हणालो, माझीपण चौकशी कर. तिनं पंधरा दिवस माणूस शोधला. पोलंडात आपल्याकडचं कुणीच सापडेना.

शेवटी तिनं आईला दुकानात बोलावलं, हात हातात घेतला, हिरव्या बांगड्या भरायला लागली आणि हाडापाशी आल्यावर म्हणाली, "सोड पोराला." आईचा हात आवळला. मावशीनं या वेळी मोठं माप काढलं नाही. तशीच बांगडी धरून बसली. किती वेळ ते आठवत नाही. मग आईचा हात सैल झाला आणि बांगडी आत गेली.

मला म्हणाली, "तुज्यासाठी तितं तिसरं घर न्हाय, दत्ता. म्हंजी पुढच्यासाठी तूच तिसरं घर. कुणी इचारलं तर खरं सांगायचं. घरच्यांना सांगतोस तसं न्हाय."

मला शाळेनं कधी असं काही सोपवलं नव्हतं. त्या वाक्यावर मी इथं पहिली दोन वर्षं काढली. कारखान्यात कुणी ओरडलं, बोलणं कळलं नाही, की मनात म्हणायचो, हे बघून ठेव, उद्या कुणी विचारेल. दुधाच्या बाईची करंगळी बघितल्यापासून ही सवयच लागली. दर आठवड्याला मावशीला फोन असायचा आणि दर आठवड्याला तिचं काहीतरी नवीन असायचं. रस्त्यावरची कुत्री लोकांना भितात का. म्हातारी माणसं बाजाराला स्वतः जातात का. एकदा विचारलं, "तितली लोकं खिडकीतनं भाईर बघतात का पडदा लावून बसतात?"

आणि मग खरोखरच विचारणारं कुणी आलं. मावशीचीच नात, मुस्कान.

मुस्कान बारामतीला अन्नप्रक्रियेचं शिकली होती आणि तिला पुढं दूधप्रक्रियेचं शिकायचं होतं. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक आयर्लंड, एक पोलंड, तेही माझ्या गावापासून ट्रामनं अर्ध्या तासावर. तिच्या मनात पोलंड होतं, कारण तिथल्या अभ्यासात सहा महिने प्रत्यक्ष डेअरीत काम होतं. पण तिच्या बापानं, यासीनभाईनं, सांगून टाकलं होतं, "अम्मी ठरवंल." शुक्रवारपर्यंत एका ठिकाणी होकार कळवायचा होता, नाहीतर जागा जाणार.

सुनीता सिस्टरची चौकशी शनिवारी झाली होती. तिनं नेहमीसारखी पटापट उत्तरं दिली होती. रविवारी माझा नंबर लागला. मी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून फोनसमोर बसलो होतो.

मावशीनं विचारलं, अंधार कधी पडतो. मी खरं सांगितलं, थंडीत चारच्या आत. विचारलं, आपल्या रंगाच्या माणसाकडं बघून कुणी तोंड फिरवतं का. मी म्हणालो, फिरवतात काही, सगळे नाही. विचारलं, रविवारी दुकानं उघडी असतात का. बहुतेक बंद, म्हणालो. मग तिनं विचारलं, "आजारी पडल्यावर दार कोण वाजवतं?"

आणि मी गप्प झालो.

पहिल्या वर्षी मला ताप आला होता. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईला तर नाहीच. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते, हेलेना, सत्तरीची. दोन दिवस माझे बूट बाहेरच्या पायरीवरून हलले नाहीत, हे तिनं बघितलं. तिसऱ्या दिवशी दार वाजलं. हातात पातेलं, त्यात कोंबडीचा पातळ रस्सा, रश्शात शेवया. माझी भाषा तिला येत नाही, तिची मला येत नव्हती. मी खाईपर्यंत ती खुर्चीवर बसून राहिली आणि गेली. पातेलं घेऊन पाच दिवस येत होती.

हे सांगायला मी तोंड उघडलं आणि गळाच दाटला. आवाज फुटेना. मावशीनं थोडं थांबून बघितलं.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नियम मला ठाऊक होता. तात्या ओरडले होते तेव्हा मी रस्त्यापलीकडंच होतो की. लगेच परत फोन लावला. तिनं घेतला नाही. मंगळवारी मुस्कानचा निरोप आला. 'दत्ताकाका, आजी पोलंडला नको म्हणते. तुमच्याकडं काही झालंय का? मला खरं सांगा.'

मी मुस्कानला सगळं लिहून पाठवलं. तिनं आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "आता काय बी लिहील. चौकशी येकदाच."

दोन दिवस मी कारखान्यात वाईट जोड मारले. मुकादम काही बोलला, मला कळलंही नाही. एका पोरीचं शिक्षण माझ्या गळ्यात अडकलं होतं आणि सोडवायला माझा शब्द चालत नव्हता. बुधवारी जिना चढताना हेलेनाच्या दारापाशी थांबलो आणि एकदम डोक्यात आलं, की मावशीच्या हिशेबानं मी आता पहिलं घर झालोय. बाजू घेणारा. तिसरं घर ही बाई आहे.

गुरुवारी दुपारची सुट्टी काढली. हेलेनाला मोडक्यातोडक्या शब्दांत समजावलं. तिला काय कळलं देव जाणे, पण तिनं केस विंचरले. मी मुस्कानला फोन लावला आणि म्हणालो, "आजीला सांग, दत्ता बोलणार न्हाय. दुसरंच घर हाय."

पडद्यावर मावशी दिसली, मागं बांगड्यांची कपाटं. दोघी एकमेकींकडं बघत बसल्या. कोण काय बोलणार? मी तर तोंडावर हात ठेवून भिंतीला टेकलो होतो.

"हिला सांग, हात दाखव," मावशी म्हणाली.

मी माझा हात पुढं करून खुणेनं दाखवलं. हेलेनानं हात पडद्याजवळ नेला. मावशीनं बोटं एकत्र मिटून दाखवली, हेलेनानं तशी मिटली. मावशीनं अंगठा आत घेतला, हेलेनानं घेतला. मावशी पुढं वाकली. तीस वर्षं ती गिऱ्हाइकाच्या हाताकडं वाकायची तशीच.

"दोन-आठ," ती म्हणाली. मोठं माप. मग हळूहळू, जणू स्वतःशीच, "भांडी घासल्याला हात हाय. अंगठी बोटात रुतलीया. नवरा गेलाय, पर हिनं काढली न्हाय." मग माझ्याकडं न बघता, "पातेलं इचार."

मी पातेल्याची खूण केली. हेलेना उठून आत गेली आणि तेच पातेलं घेऊन आली, एका कानाचं. कुठलं पातेलं हे मी सांगितलं नव्हतं. तिनं ते पडद्यासमोर धरलं, माझ्याकडं बोट केलं, गालाला हात लावून ताप दाखवला आणि पाच बोटं दाखवली.

मावशी पडद्याजवळ सरकली. मुस्कान पडद्याच्या कडेला उभी होती, तिचा फक्त खांदा दिसत होता. मावशी म्हणाली, "शेवया रश्शात घालती व्हय ही. तिखट असतंय का?"

"न्हाय मावशी," मी न राहवून बोललो. "मिठाचंच असतंय."

"गप. तू बोलायचं न्हाय ठरलंय." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "दत्ता, ती इंदापूरची तिसऱ्या घरची बाई. गप झाली हुती ती. तिला थोरली सून आठवून भरून आलं असंल, आसं बी असंल का रं?"

मी तिला म्हणालो, तात्यांची मुलगी सुखात हाय की.

"ती हाय. मी त्या घराचं म्हणतीया," मावशी म्हणाली. "कितीक घरं मी निस्त्या गप बसण्यावर मोडली."

मग तिनं जे केलं ते तिनं कधी केलं नव्हतं. वळून मुस्कानचा हात हातात घेतला. बांगडी नव्हती, काही नव्हतं, नुसता अंगठ्याखालचा भाग दाबला आणि विचारलं, "तुला कुठं जायचंय?" इतक्या चौकशा झाल्या, पण जाणाऱ्याला हे विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मुस्काननं सांगितलं. मला ऐकू आलं नाही, पण मावशीचा अंगठा दिसत होता. तो सहज आत रुतला.

शुक्रवारी होकार गेला.

त्या पावसाळ्याच्या शेवटी मी सुट्टीवर आलो होतो आणि परतताना मुस्कान माझ्यासोबत निघाली. यासीनभाईनं गाडी स्टँडसमोर आणली. मावशी दुकानात बसली होती, रोजच्यासारखी. माझ्या हातात एक खोका दिला, भुसा घालून बांधलेला. आत दोन-आठच्या डझनभर बांगड्या. "त्या बाईला सांग, पाण्यात सोडल्यागत हात सोड, म्हंजी जातील. तुलाच भराव्या लागतील. नीट बगितलंयस न्हवं इतकी वर्सं, का नुसती काच खाली घालून बसायचास?"

मी म्हणालो, बघितलंय.

मुस्कान खाली बसली. मावशीनं तिच्या हातात दोन बांगड्या भरल्या, तिसरी हाडापर्यंत आणली. या वेळी प्रश्न मुस्काननं विचारला.

"आजी, जाऊ ना?"

गाडीचं इंजिन चालू होतं. यासीनभाईनं एकदा हॉर्न वाजवला. समोर वर्कशॉपमध्ये कुणीतरी ट्रॉलीला जोड मारत होतं, त्याचा निळा उजेड कपाटांच्या काचांवर येत-जात होता. मावशी नातीचा हात धरून खाली मान घालून बसली होती. पदर सारखा केला. बोलली नाही.

मुस्काननं माझ्याकडं बघितलं. मी मानेनंच हो म्हणालो. तिनं हात सैल सोडला, बांगडी आत गेली. ती उठली, आजीच्या डोक्याला डोकं लावलं, आणि आम्ही गाडीत जाऊन बसलो.